तिसरी गाठ

आबांच्या बोटांना सुताचा वास यायचा. आषाढाच्या ओलसर, राखाडी उजेडात ते दाराच्या चौकटीला लाल सूत ताणून बांधू लागले की तो वास घरभर पसरे. गोडादरा वस्तीतल्या यंत्रमागांवर त्यांचे आयुष्य गेले आणि मागांच्या अखंड खडखडाटात कानही गेले. पुराचा इशारा देत फिरणाऱ्या गाडीचा भोंगा माझ्या या वडिलांना कधी ऐकूच आला नाही. त्यांचा विश्वास त्या सुतावरच्या तीन गाठींवर होता. पाणी पहिलीला टेकले की कागदपत्रे, औषधे, पिठाचा डबा माळ्यावर. दुसरीला गॅस आणि मेन स्विच बंद. तिसरीला हातातले टाकून वरच्या मजल्यावर. आईचे गुडघे निकामी झालेले, जिना चढायला तिला दोघांचे खांदे लागत.

त्या सकाळी घरामागची खाडी फुगली. दुसरी गाठ भिजली, आबांनी स्विच पाडला आणि घरात भरदिवसा अंधारून आले. खाली माझे शिलाई मशीन राहिले होते. त्यावर मी साड्यांना लेस लावत असे. माझे म्हणावे असे तेवढेच होते. आबांची पाठ वळताच मी तिसरी गाठ सुईने उकलली आणि वीतभर वर नवी मारली. हे लिहितानाही लाज वाटते.

पाणी गुडघ्यावर चढत होते आणि मशीन काही स्टँडवरून निघत नव्हते. खाटेवरून आई माझ्याकडे बघत होती. आबा चौकटीशी आले. त्या अंधारात डोळ्यांना काय दिसणार, पण त्यांची बोटे सुतावरून सरकली आणि थांबली. आबांची मागावरची गाठ चपटी, बोटाला न लागणारी. माझी जाड, घरगुती. पाणी अजून तिच्या खालीच होते.

"हाई गाठ मन्ही नही," ते शांतपणे मला म्हणाले. "चाल माय, वर."

रागावले असते तर बरे झाले असते. मशीन तिथेच सोडून आम्ही दोघांनी आईला उचलले. पाचव्या पायरीवर होतो, तेव्हा मागे खाट तरंगून भिंतीवर आदळल्याचा आवाज झाला. तो आबांना ऐकू आला नाही. आईने आणि मी त्यांना त्याबद्दल कधी सांगितलेही नाही.

आता आबा नाहीत. सूत मी बांधते. चपटी गाठ शिकायला मला तीन पावसाळे लागले. ती मारून झाली की डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवते. बोटाला काहीच लागत नाही, आणि त्या काहीच न लागण्यात आबा अजून असतात.