गेरूची रेघ

मनोरमाबाईंनी तन्वीच्या गुडघ्यामागचा लाल चट्टा पाहिला आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: नागीण. शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंनी असं म्हणावं का? म्हणू नये. पण नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं, आणि लहानपणची भीती काही माणसाबरोबर रिटायर होत नाही.

"आई, दुखत नाही, खाजत पण नाही. तू खाली-पिली टेन्शन नको घेऊ," तन्वी म्हणाली. ती अमेरिकेत कनेक्टिकटला पीएचडी करत होती आणि दोन वर्षांनी महिनाभरासाठी इंदूरला, विजय नगरच्या फ्लॅटवर आली होती.

बाईंनी ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. कुंड्यांसाठी आणलेला गेरू वाटीत कालवला आणि चट्ट्याच्या कडेकडेनं रेघ ओढली. नागीण म्हणे ही रेघ ओलांडत नाही. मग रोज सकाळी त्याच रेघेवरून पुन्हा गेरू फिरवायचा. तन्वी नाक मुरडायची, पण मोबाइल बघत पालथी पडून राहायची.

तिसऱ्या सकाळी वाटी हातातच राहिली. लाली चहूबाजूंनी रेघेच्या बाहेर चांगली दोन बोटं गेली होती आणि मधला भाग फिका पडला होता. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. एकुलत्या एका पोरीच्या दुखण्यावर आपण तीन दिवस माती फासत बसलो, या विचारानं त्यांना स्वतःचाच संताप आला.

"ऊठ. डॉक्टरकडे जायचंय," त्या म्हणाल्या.

त्वचारोगांचे डॉक्टर अर्पित मुजुमदार इंदूरचेच. त्यांनी चट्टा पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "काकू, ही लाइन कोणी बनवली?"

"मीच," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "नागीण वाटली मला."

"आणि रोज याच लाइनवरून? पक्कं?"

"पक्कं."

डॉक्टरांनी मोजपट्टी काढून रेघेपासून लालीच्या कडेपर्यंत मोजलं. मग तन्वीकडे वळले. "तिकडे जंगलात वगैरे फिरली होतीस का?"

"निघायच्या आधी ट्रेकला गेले होते. गुडघ्यामागे याच जागी एक टिक चिकटलेली होती. दोन दिवस कळलंच नाही मला. मग नखानं ओढून फेकली."

"टिक म्हणजे आपली गोचीड," डॉक्टर बाईंना म्हणाले. "तिकडच्या गोचिडीतून लाइम डिसीज होतो. नागीण अशी गोल पसरत नाही, हा चट्टा पसरतो. ब्लड टेस्ट इतक्या लवकर निगेटिव्ह पण येते, म्हणून थांबायचं नाही. चौदा दिवस गोळ्या, खाऊन झाल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. ऊन टाळायचं. ताप आला, छातीत धडधडलं, चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर लगेच फोन करायचा."

"बरी होईल ना ही?" बाईंनी विचारलं.

"एकदम बरी होईल. सुरुवातीलाच सापडलंय. आणि तुम्हाला हिच्यापासून लागणार पण नाही." ते पहिल्यांदाच हसले. "सच बताऊं काकू, नुसता चट्टा असता तर मी गजकर्ण समजून मलम दिलं असतं. तीन दिवसांत केवढा वाढला, ते तुमच्या गेरूनं सांगितलं."

पुन्हा गोचीड चिकटली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल ओतायचं नाही, पेटती काडी लावायची नाही, मग साबणानं धुवायचं, हे त्यांनी तन्वीला दोनदा सांगितलं. बाईंनी ते पर्समधल्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर बाई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या आणि मोकळेपणानं रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, पोहे खाऊ. गोळी काहीतरी खाऊनच घ्यायचीय ना?" कोपऱ्यावरच्या ठेल्यावर त्यांनी पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला दोनदा मागून घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना खाण्याला चव लागली.

गोळ्यांच्या सहाव्या दिवशी बाई सकाळी चहा गाळत होत्या. तन्वी ओट्याशी येऊन उभी राहिली. बाई अजूनही रोज ओढत असलेल्या रेघेच्या आत लाली आली होती, फिकी, ओळखू येईल न येईल इतपत. तिच्या हातात गेरूची वाटी होती, तिनं स्वतः कालवलेली.

"आई," ती म्हणाली, "आजची रेघ राहिली ना."