तापलेल्या इंजिनावर लोटाभर पाणी

राघोची ॲम्बॅसडर चार महिन्यांत दुसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आली, तेव्हा मी आधी त्याला शिव्या घातल्या आणि मग बॉनेट उघडलं. माझा क्रमच तो आहे. इथे गोडादऱ्यात, आम्हा खानदेशी लोकांच्या वस्तीत, लोक म्हणतात, सुकदेव मिस्त्रीचा हात चांगला, तोंड वाईट. म्हणोत बापडे.

ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेडपॅकिंग पुन्हा गेलं होतं. इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर आणि दोघांच्या मधे हे पातळ पॅकिंग. आग, पाणी आणि तेल अगदी शेजारून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, ते याच्याच जिवावर. हेड जरा वाकडं झालं की याची पकड सुटते. आणि हेड वाकडं होतं ते बहुतेक वेळा माणसाच्या मूर्खपणानं.

"रेडिएटरनं पानी आटू दिधं का?" मी विचारलं.

"नही."

"मंग तपेल इंजिनवर थंडं पानी टाकं?"

राघोनं इकडेतिकडे पाहिलं. मग जवळ येऊन कुजबुजत सगळं सांगितलं. चौदा वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाची कुजबुज ती, पलीकडच्या पानवाल्यालाही ऐकू गेली असेल.

शहरात प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं लूम सोडून ही जुनी गाडी घेतली आणि कामरेजपर्यंत प्रवासी नेण्याच्या फेऱ्या सुरू केल्या. पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला तो नवागामला घरी आला, तर बायको, आमच्या सरलावहिनी, दारात उभ्या. आमच्या खानदेशात उन्हातून कुणीही येवो, पाहुणा असो की बैल, आधी पाणी. वहिनींनी गाडीला हळदकुंकू लावलं, त्याला बॉनेट उघडायला लावलं आणि माठातलं लोटाभर गार पाणी इंजिनावर ओतलं. वाफ निघाली तशा त्या म्हणाल्या, बघा, जिवात जीव आला तिच्या. तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललं होतं.

"हाई तिले सांगू नको," राघो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. आणखी एकदा असं झालं तर हेडला तडा जाणार होता. नवं हेड त्याला झेपणारं नव्हतं. म्हणजे गाडी भंगारात आणि राघो परत लूमवर, रात्रपाळीला. तरी मी मान डोलावली. मैत्रीत माणूस गाढव होतो.

हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट होऊन आलं, त्या दिवशी वहिनी आम्हा दोघांचा डबा घेऊन आल्या. लोखंड उघडं पडलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला. घरातलं कुणी आजारी पडावं तसं त्यांनी विचारलं, "काय व्हयनं, भाऊ?"

पाण्याचं सांगणार नाही, असा शब्द दिला होता. पॅकिंगचं सांगणार नाही, असा दिला नव्हता. मी जुनं पॅकिंग त्यांच्या हातात दिलं, जळून काळी पडलेली जागा दाखवली. बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून कडेकडेला जायचं, पोळी लाटतो तसं, हेही सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. मग हेडवरून बोट फिरवत म्हणाल्या, "इतलं जाड लोखंड वाकडं कसं व्हयनं?"

मी राघोकडे पाहिलं. तो डबा उघडण्यात गुंतला होता.

"तपेल राहस ना," एवढंच मी म्हणालो.

वहिनींनी हातातलं जुनं पॅकिंग पुन्हा उलटून पाहिलं. मांडे करणारी बाई ती. चुलीवरच्या खापराची जात तिला कोण शिकवणार?

"तपेल खापरवर पानी पडनं की खापर तडकस," त्या हळू म्हणाल्या. "मीच बिघाडी का गाडी?"

मी खाली वाकून पाना शोधू लागलो. तेच उत्तर होतं. त्या राघोकडे वळल्या. "तुम्हले माहीत व्हतं?"

"पहिलांदा नही. दुसरांदा व्हतं."

"मंग सांगं काब नही?"

राघोनं हातातली भाकरी खाली ठेवली. "चौदा वरीस रातपाळी कयी. सकाळले घर उनू की तू कामवर जायेल राहे. आते तू मन्हासाठे दारमा उभी राहस. तुन्हा हातमाधला लोटा कसा काढू?"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला राघोची कीव यायला हवी होती, पण खरं सांगतो, हेवा वाटला. मग मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि बोल्ट आवळायला घेतले.

आठवड्यानं बोल्ट तपासायला मी नवागामला गेलो. दुपारची वेळ होती. राघोनं गाडी लावली, बॉनेट उघडलं. वहिनी लोटा घेऊन दारातच होत्या. त्या गाडीपाशी आल्या आणि थांबल्या.

"इंजिनले थंडं व्हवाले तासभर लागस," त्या त्याला म्हणाल्या. "तुम्हले?"

"माले आतेच दे," राघो म्हणाला.