तीन दिवसांचं सुतक

आई श्रावणात गेली, आणि माझं दुःख किती दिवसांचं असावं हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. ते फिटल्यावर लासलगावहून मी नाशिकला परतले, डोक्यावरून पाणी घेतलं, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातचा चहा घेतला, आणि विषय संपला. जिने कांद्याच्या खळ्यावर दिवसदिवस ओणवं बसून, कांदा निवडून मला वाढवलं, ती बाई तीन आंघोळींत धुऊन निघाली. याचा तेव्हाही मला संताप आला होता आणि आजही येतो.

तरी मी घर ओढत राहिले. माझा नवरा गोरक्ष ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर. कंपनीची बस कॉलनीच्या तोंडाशी यायची, तिच्या आधी डबा, तिच्यानंतर नळाचं पाणी, धुणं, आत्याबाईंचे गुडघे चोळणं. रडू आलं तर मोरीत नळ सोडून रडायचं, एवढी सवलत मी स्वतःच स्वतःला दिली होती. ती आत्याबाईंच्या ध्यानात आली, तेव्हा यांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आता सणाचे दिवस आहेत, मन रमवा, चार माणसांत हसून खेळून राहा, असं यांच्याकडे बघत सांगितलं. मला काय होतंय हे कुणी विचारलंच नाही.

घरात कुणी गेलं की त्या वर्षी दिवाळीला कढई चढवायची नाही, फराळ शेजारच्यांनी आणून द्यायचा, ही रीत आमच्या कॉलनीत सगळेच पाळत. त्या घरात ताटल्या भरून जातात आणि मोकळ्या परत येतात. दुःखाला कुणीतरी जागा दिली म्हणावी अशी मला ठाऊक असलेली ही एकच रीत. म्हणून रेशनवर दिवाळीचं पामतेल आलं तेव्हा मी रांगेत गेले नाही, आणि घरी सांगून टाकलं की यंदा मी तळण करणार नाही.

"या घरातलं कोण गेलंय?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या माह्यराचं सुतक या घराला लागत नाय. भरल्या सणाला रडकं तोंड घेऊन बसू नको."

यांनी वर्तमानपत्र उलटलं. मी माझा हेका सोडला नाही. कढई घासून, पालथी घालून मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवली.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनबाई ताटली परत करायला आल्या. ताटलीत चिवडा होता. करंज्या अगदी खुसखुशीत झाल्या होत्या म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावून, किती दिवसांनी काल हसताना पाहिलं गं तुला, असंही म्हणाल्या. मला वाटलं आत्याबाईंनी माझ्या नावावर काहीतरी खपवलं असेल. पण ताटली बघितली आणि माझा हात थांबला. माझ्या लग्नात आईने भांडीबाजारातून, भावावरून दुकानदाराशी भांडून घेतलेली, काठावर 'चांगुणा हीस आईकडून' असं कोरून घेतलेली ती ताटली होती. आई गेल्यापासून ती मी ट्रंकेत, तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. कढई खालच्या फळीवर उताणी होती आणि बोटाला तेल लागलं. डबा उघडला तर वरपर्यंत करंज्या. आई डावखुरी होती, तिची मुरड उलट्या बाजूला पडायची. तिच्याच हाताखाली शिकल्यामुळे माझीही तशीच पडते आणि आत्याबाई त्यावरून नेहमी नाक मुरडतात. डब्यातली प्रत्येक करंजी उलटी मुरडलेली होती.

कुणी केल्या म्हणून विचारलं तर आत्याबाई हसल्या. तूच की, म्हणाल्या, आणि ते इतकं मायेने म्हणाल्या की मला त्यांच्याशी भांडता येईना. संध्याकाळी हे घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. मी केलं नाही, मी हसले नाही, ही कोण बाई माझ्या घरात तळण तळते आहे, हे तुम्ही बघा. यांनी ऐकून घेतलं.

"जाऊ दे ना," हे म्हणाले. "तू पहिल्यासारखी झालीस, एवढंच मला पुरे आहे."

पहिल्यासारखी! माझ्यावर काय गुदरलं याची ज्यांना दोन महिन्यांत चौकशी करावीशी वाटली नाही, त्यांना ती कोण कुठली हसरी बाई लगेच पसंत पडली. त्यानंतर ती जिकडेतिकडे दिसू लागली, म्हणजे मला सोडून सगळ्यांना. मेनरोडवरून ती यांच्याबरोबर जाऊन अंजिरी साडी घेऊन आली. समोरच्या सखुबाईंच्या दारात तिने रांगोळी काढून दिली. मी काही विचारलं की आत्ताच तर बोललो आपण, असं उत्तर मिळे. लक्ष्मीपूजनाला मागच्या पडवीत बसून मी मोठ्याने रडले, तर सणाला रडू नकोस असं सांगायला कुणीही आलं नाही. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

पाडव्याला दुपारी मी एकटीच रामकुंडावर गेले. आईच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. पाण्यात पाय सोडून बसले, पोटभर रडले, आणि उठून चालत घरी आले तेव्हा दिवे लागले होते.

दार सताड उघडं होतं. हे पाटावर बसले होते आणि अंजिरी साडीतली एक बाई यांना ओवाळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. तबक माझ्यासारखंच डाव्या हाताने फिरत होतं. यांचा चेहरा इतका सुखी मी श्रावणापासून पाहिला नव्हता. मी भ्यायले नाही. मी चिडले, आणि तिला हाताला धरून बाहेर काढायला पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात आत्याबाई पणती घेऊन उंबऱ्यात आल्या. पणती जरा वर करून त्यांनी मला निरखून पाहिलं.

"तुमच्यात कोणी गेलंय का, बाई?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"आई गेली," मी म्हणाले.

"आई गेली म्हंजे सगळंच गेलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "तुमच्यात यंदा तळण नसंल. थांबा."

आत जाऊन त्या ताटली भरून घेऊन आल्या आणि माझ्या हातात देताना दुसरा हात माझ्या पाठीवरून फिरवला. "रडू येईल तवा रडून घ्या. मनात नका ठेवू. अन् ताटली सवडीनं आणून द्या, आमच्या सुनेला तिच्या आईनं दिलेली हाय."

मग त्यांनी दार लोटून घेतलं.

करंज्या खाऊन झाल्या. ताटली मी घासूनपुसून ठेवली आहे, पण परत नेऊन देणार नाही. तिच्यावर नाव माझं आहे.