सकाळची उत्तरं

रुपालीनं दवाखान्याच्या न्हाणीत आईचं लुगडं सोडलं आणि तोंड फिरवलं. लघवीचा वास एका दिवसाचा नव्हता. मांडीला चिकटलेलं कापड तिनं ओल्या टॉवेलनं सोडवलं.

"कधी बदललं होतं हे?"

"काल," दाराशी उभी असलेली भावजय वंदना म्हणाली. "त्या उठतच नाहीत ताई. मी एकटी कितीक उचलू?"

तिकडे गावी, देऊळघाटला भावाच्या घरी आई अशी पडून राहते आणि ही बाई खुशाल दाराला टेकून उत्तरं देते. तिला वहिनीकडे बघवेना. धुतलेलं लुगडं नेसवून तिनं आईला खुर्चीत आणून बसवलं. अन्नपूर्णाबाईंची मान लगेच छातीवर कलली.

डॉक्टर समता इंगळे यांनी संगणकाचा पडदा दोघींकडे वळवला. आठ दिवस गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई सकाळ-संध्याकाळ अन्नपूर्णाबाईंशी बोलल्या होत्या. ते सगळं बोलणं फोनवर टिपून संगणकातल्या निदान सुचवणाऱ्या प्रोग्रॅमला दिलं होतं.

"हा नुसता निकाल देत नाही. कशावरून, तेही दाखवतो," डॉक्टर म्हणाल्या. "तांबड्या पट्ट्या स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवतात. वार चुकला, नातवाचं नाव चुकलं. पण त्याच्या उलट सांगणारी ही निळी पट्टी सगळ्यांत लांब आहे. सकाळी जीभ जड, उत्तरं अर्धवट. संध्याकाळी तेच प्रश्न, आणि उत्तरं बरोबर. त्या आजारात बहुधा संध्याकाळीच जास्त बिघडतं. यांचं उलट आहे. म्हणून तो सुचवतो की आधी औषधं तपासा. मलाही तेच वाटतं. रात्री काही देता का यांना?"

वंदना पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"झोपेची गोळी. एक. कधी दोन."

"दोन?" रुपालीचा आवाज चिरकला. "गुराला तरी कुणी असं पाडून ठेवतं का, वहिनी? किळस येते मला."

"मले काय समजते त्यातलं? दिवाळीपासून देऊन राह्यली. त्या निवांत झोपत, म्हणून."

दिवाळीपासून. आईच्या खांद्यावरचा रुपालीचा हात सैल पडला. दिवाळीत आई आठ दिवस बुलढाण्याला तिच्याकडे होती. घरात सासरचे पाहुणे, आणि आई रात्री उठून दारं उघडत फिरायची, म्हणून तिनं आईला झोपेची गोळी द्यायला सुरुवात केली. परत पाठवताना उरलेल्या गोळ्या आईच्या पिशवीत तिनंच घातल्या होत्या. रोज दे, त्रास होणार नाही, असं वहिनीला फोनवरही सांगितलं होतं.

"पहिल्यांदा कुणी दिली?" डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर थांबली.

वंदनानं एकदा नणंदेकडे पाहिलं. मग नजर खाली वळवली.

"मले याद नाही."

अन्नपूर्णाबाईंच्या ओठाच्या कडेनं लाळ ओघळत होती. रुपालीनं ती तळहातानं पुसली.

"मले आहे," ती म्हणाली.