कोंबांच्या खोलीचं बटण

संशोधकाने आयुष्यात बऱ्याच गोष्टी सुरू केल्या होत्या. त्या संपवण्याचं काम मात्र दर वेळी त्या गोष्टींनाच करावं लागलं. मासे पाळले, तर मासे मान नसतानाही मान टाकून मोकळे झाले. मेणबत्त्या केल्या, तर एकही मेणबत्ती धड पेटली नाही; पेटलं ते मेणाचं पातेलं. तेव्हा बाबांनी काळं पडलेलं छत बघत त्याला ‘संशोधक’ म्हटलं आणि तेच नाव घरात रूढ झालं. बायकोसुद्धा भांडताना तेच वापरायची, कारण खऱ्या नावात तेवढा अपमान मावत नव्हता.

मग नोकरी सुटली. म्हणजे त्याच्या भाषेत त्याने सोडली, आणि ऑफिसच्या भाषेत ऑफिसने सुटकेचा निःश्वास सोडला. रिकाम्या हातांना काम म्हणून त्याने मागच्या खोलीत दिव्यांखाली मोहरीचे, मुळ्याचे, सूर्यफुलाचे कोवळे कोंब वाढवायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला ते ताटांवर सजवायला हवे असायचे. “आधी माल बघतो, मग बोलतो,” एवढंच तो म्हणाला होता.

बायको दातांची डॉक्टर. समोरच्याला आ वासायला लावून मग प्रश्न विचारायची सवय तिने घरीही ठेवली होती.

“आचाऱ्याने पहिला माल घेतला तर खोली तुझी,” ती म्हणाली. “नाही घेतला, तर माझा भाऊ येईल. त्याला ड्रम ठेवायला जागा हवीय.”

“सध्या कुठे वाजवतो तो?”

“शेजाऱ्यांच्या सहनशक्तीवर. ती संपली.”

संशोधकाने डोळे मिटले. झोप, डोकं आणि संसार यांच्यावर एकाच वेळी पडणारी टिपरी त्याला स्पष्ट ऐकू आली. त्याने लगेच वायरिंगचा आराखडा काढायला घेतला. चार रंगांची स्केचपेनं वापरली. दिवे पिवळे, पंखा निळा, रोपांखालच्या गरम चटया लाल, आणि धोका हिरवा, कारण लाल संपला होता. चित्र इतकं देखणं झालं की त्याने ते भिंतीवर चिकटवलं आणि जरा लांबून बघितलं.

बायकोनेही बघितलं. “मागच्या वेळी पातेल्यावर निभावलं. आता वीज आणि पाणी एका खोलीत आहेत. आत्यांना बोलाव.”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. उभा जन्म वायरिंग करण्यात गेलेला. तिच्या कार्डावर ‘वायरमन’ असंच छापलेलं होतं, त्यावर कुणी हसलं तर ती म्हणायची, “वायर विचारत नाही, धरणारी बाई आहे की बुवा. दोघांनाही सारखंच फेकते.” पिशवी खांद्याला लावून ती आली आणि आराखड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“हे काय रे, गाढवा?”

“आराखडा. भिंतीतल्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला दुसरा बोर्ड, त्याला हे दोन...”

“ही वायरिंग आहे का वंशावळ? हा आजोबा, ही मुलं, ही नातवंडं. सगळ्यांनी एकदम खायला मागितलं की आजोबा जळणार, आणि मागोमाग घराणं.” तिने खिशातून पेन काढून आजोबांवर काट मारली. “एक्स्टेन्शन बंद. मेन बोर्डापासून या खोलीची वेगळी लाइन ओढायची, जाड तांब्याची. हे दिवे दिवसभर जळणार, वायर तापायला नको. तिला स्वतःचा एमसीबी, भार जास्त झाला की आपोआप पडणारा. आणि ईएलसीबी.”

“तो कशाला?”

“तू आहेस म्हणून. ओल्या हाताने कुठे तरी चिकटलास, करंट तुझ्यातून जमिनीकडे निघाला, की ती डबी लाइन तोडते. अर्थिंग मी स्वतः तपासणार. सॉकेट रोपांच्या ट्रेच्या वर, झाकणवाले. खाली एकही नाही. आणि वायर सॉकेटात सरळ शिरणार नाही. आधी खाली एक झोका घेईल, मग वर जाईल. पाणी ओघळलं तर झोक्याच्या तळाशी टपकलं पाहिजे, सॉकेटात नाही.”

संशोधक झोके काढत गेला. चित्र आता झुंबरासारखं दिसायला लागलं होतं.

“आणि मेन स्विच कुठाय?”

“हा काय, मागच्या भिंतीला, रॅकच्या आड. दिसायला बरं नाही म्हणून.”

“अस्सं. म्हणजे आग लागली की आधी आगीतून पलीकडे जायचं, मग वाकायचं, मग बटण चाचपायचं. मरताना खोली छान दिसली पाहिजे.” तिने दाराच्या चौकटीशेजारी बोट टेकवलं. “इथे. आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, पाण्यापासून लांब. काही झालं तर जाता जाता एका फटक्यात सगळी खोली मेली पाहिजे.”

सगळं तसंच झालं. त्यात संशोधकाने स्वतःच्या डोक्याची भर घातली: दाराच्या फटींना काळं रबर लावलं. दिव्यांचा उजेड जांभळा होता. बाहेर दिसला असता तर शेजाऱ्यांनी पोलिसांना तरी बोलावलं असतं, नाही तर मांत्रिकाला तरी. पंखाही मुद्दाम मुका आणला. दार लावलं की आत काही चाललंय हे कुणाला कळणारच नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

कोंब आले. पण कसे आले? दवाखान्यातून उठून आल्यासारखे. पिवळे, लांबुडके, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पडलेले. उजेड मिळाला नाही की रोपं अशी होतात, हे त्याने वाचलं होतं. पण तो दार उघडून आत जायचा तेव्हा दिवे लख्ख! दिव्यांचा बॅटरीवरचा टायमर बरोबर, पंखा फिरतोय. त्याने दिवे खाली आणले, बी बदललं, पाणी बदललं. एकदा तर त्याने कोंबांची समजूतही काढली. आचारी शनिवारी येणार होता. मेहुण्याने ड्रमचा फोटो पाठवून मापं विचारली होती.

“आत्या, कुठे तरी करंट गळतोय,” त्याने फोन केला. “मी नसताना.”

“तू नसताना तो गळतोय, हे करंटला कसं कळतं?” आत्या म्हणाली, पण आली. मीटर लावून तिने तारन् तार तपासली. डबी पाडून पाहिली, अर्थिंग पाहिलं. वायरिंग निर्दोष होती. पहिल्यांदाच तिला स्वतःचं काम चोख असल्याचा राग आला. मग ती एकदम वळली.

“दादा! इकडे ये.”

बाबा चष्मा पुसत दारात आले. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांना अंगावर चटका बसल्यासारखं व्हायचं. दोघा भावंडांचं सगळं लहानपण ‘खोलीत कुणी आहे का?’ या एका प्रश्नाखाली गेलं होतं, आणि संशोधकाचंही.

“दिवे तूच घालवतोस ना?”

“मी?” बाबा दुखावले. “मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. पहिल्या दिवशी त्या जांभळ्या उजेडात माझा हात बघितला. वाटलं, मी गेलो.”

“शपथ घे.”

“तुझी घेतो.”

एवढ्यात बायको दवाखान्यातून आली आणि बोळातच थांबली. खटला अर्धवट टाकून तिघं चहा घ्यायला बाहेर पडली. आधी बाबा, मग आत्या, शेवटी संशोधक. त्याने दार ओढून घेतलं.

“थांब,” बायको म्हणाली. “आत्ता काय केलंस?”

“दार लावलं.”

“त्याच्या आधी?”

“काही नाही.”

तिने दार उघडलं. आत मिट्ट काळोख.

संशोधकाने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. हात निरागसपणे लोंबत होता, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी होता आणि फक्त राहायला इथे होता. आत जाताना चौकटीशेजारचं बटण लावायचं, बाहेर येताना घालवायचं, ही हाताची लहानपणापासूनची सवय. इतके दिवस तो स्वतःच्या पिकाला फक्त स्वतः समोर असतानाच उजेड देत होता.

“अरे, देवा!” आत्या खो खो हसली. “जन्मजात बावळट!”

“आत्या,” बायको म्हणाली, “तुम्ही एकदा आत जाऊन या बघू.”

आत्या तोऱ्यात आत गेली. उजेड पडला. मीटर उचलून ती बाहेर आली. टिक. काळोख. आत्याचं तोंड इतकं उघडं राहिलं की बायकोने सवयीने तिच्या दाढा बघून घेतल्या.

मग चहावर सभा भरली.

“बटणच काढून टाकू,” संशोधक म्हणाला.

“हात लावून बघ बटणाला,” आत्या म्हणाली. “ते तुझ्या जिवासाठी आहे. झाकणही नाही लावायचं. ऐन वेळी झाकण उघडत बसशील.”

“चिठ्ठी लावू?”

“चिठ्ठी डोळ्यांना कळते. हाताला नाही.”

“मग हिने पाणी घालावं.”

“मी दात बघते,” बायको म्हणाली. “पानं नाही.”

आत कुणी बसलंय असं हाताला वाटावं म्हणून खोलीत खुर्चीवर संशोधकाचा शर्ट टांगून बघितला. शर्टात कुणी नाही हे हाताने बरोबर ओळखलं. शेवटी बाबांनी कप खाली ठेवला.

“खोलीत माणूस असला म्हणजे आपल्यात कुणी दिवा घालवत नाही,” ते म्हणाले. “मी बसतो.”

“पण बाबा, तो उजेड...”

“काळा चष्मा लावीन. पातेलं पेटवलंस तेव्हा कुणी थांबवलं नाही तुला. या वेळी निदान एक माणूस आत असू दे.”

संशोधक उठला. त्याने ट्रे धुतले, आचाऱ्याला एक आठवडा पुढची वेळ मागितली आणि नवं बी पेरलं.

त्या आठवड्यात बाबा नोकरीला जावं तसे सकाळी खोलीत जायचे. पेपर, काळा चष्मा, पाण्याची बाटली. बाटली ट्रेपासून आणि सॉकेटपासून लांब ठेवायची, अशी आत्याची ताकीद होती. कोंब या वेळी बुटके, दाट, हिरवेगार आले आणि ताठ उभे राहिले. बाबांकडे बघून असावं.

आचारी आला. चिमूटभर मोहरी खुडून त्याने तोंडात टाकली. बराच वेळ चावली. संशोधकाला आपल्याच बरगड्या चावल्या जात असल्यासारखं वाटलं.

“झणका आहे,” आचारी म्हणाला. “दर शनिवारी आणून द्या.” मग त्याने खुर्चीकडे मान केली. “आणि हे?”

“ते सुरक्षाव्यवस्था आहेत,” आत्या म्हणाली.

आचाऱ्याने बाबांना अदबीने नमस्कार केला. बाबांनी चष्म्याआडून तो स्वीकारला. आचाऱ्याला पोचवायला संशोधक आणि आत्या बाहेर निघाले, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून. बायको मागे राहून भावाशी फोनवर बोलत होती.

“नाही रे, खोली नाही मिळणार. हो, जमलंय त्याला. अरे, खरंच जमलंय! मलाही धक्काच बसला,” असं म्हणत ती बाहेर आली.

टिक.

सगळे जागच्या जागी थांबले. बायको फोन कानाला लावून आपल्या हाताकडे बघत राहिली.

“सूनबाई,” काळोखातून बाबांचा आवाज आला, “मी आहे अजून आत.”

“बस तसाच दोन मिनिटं, दादा,” आत्या म्हणाली. “आज ही खरी आपल्या घरची झाली.”

आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.