पुढच्या प्रोसेसरची जागा

"ताई, दोन्ही दाखवतो, मंग तुमी ठरवा," शाम राठोड म्हणाला आणि त्याने काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली.

सत्यशीला खुर्चीच्या कडेला बसली होती, आता उठायचंच आहे अशी. दुपारी तिला डायलिसिसला जायचं होतं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा ती आणि तिचा नवरा उकंडा बोरी अरबहून यवतमाळला येत. आज मात्र सकाळचीच गाडी धरून ते दत्त चौकातल्या शामच्या दुकानात आले होते, कारण घरचा कॉम्प्युटर आता अजिबात ऐकत नव्हता. फ्लेक्सची मोठी फाइल उघडली की पडदा गोठायचा. काल तर गिऱ्हाईक दारात उभं, आणि ही पडद्यावर फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसलेली.

बोरीत लग्नपत्रिका असो, जयंतीचं बॅनर असो की बारशाचं कार्ड, डिझाईन सत्यशीलाकडेच व्हायचं. दारव्ह्याला ती आधी टायपिंग शिकली, मग डीटीपी, आणि लग्न होऊन आल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून बसली ती बसलीच. उकंडा कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा त्याने ते काम सोडलं. एकट्या बाईने दवाखान्यात कसं जायचं-यायचं, म्हणून. तेव्हापासून घर त्या टेबलावरच चाललं होतं.

"हे पाहा," शामने पहिल्या खोक्यावर बोट ठेवलं. "हा जुन्या सॉकेटचा बोर्ड. म्हणजे प्रोसेसर बसवाची खाच जुनी. याच्यावर रायझन फाइव्ह. ग्राफिक अंदरच हाय, वेगळं कार्ड घ्याले लागत नाई. अन् तुमची घरची रॅम याच्यात चालते. रॅम सध्या लय महाग हाय, तो खर्च वाचला. तुमचं डिझाईनचं कोरल मस्त पळन. आजच्या पैशात याच्यापेक्षा बरं नाई भेटत."

"अन् हे दुसरं?"

"हे नवं. चिपसेट नवा, बोर्ड महाग, रॅमही नवी घ्या लागते. आत्ता याच्यावर लहान प्रोसेसर टाका. उद्या काम वाढलं, त बोर्ड बदलाचा नाई. निस्ता प्रोसेसर काढाचा अन् मोठा बसवाचा. जुन्या खाचेत आता पुढचे प्रोसेसर येत नाईत, तो रस्ता तिथंच संपला. हे घेतलं त पाच-सहा वर्षं इकडं पाह्याचं काम नाई."

"पण आजचं काम त दोन्ही सारखंच करतीन ना?"

"आजच्यापुरतं म्हणसान, त सारखंच."

"मंग जुनंच बांधून द्या."

"नवं द्या," उकंडा म्हणाला. तो इतका वेळ दाराशी उभा होता, गिऱ्हाइकासारखा नाही, हमालासारखा.

सत्यशीलाने वळून पाहिलं. "तुमाले समजते काय त्याच्यातलं?"

"नाई समजत. पण हा सांगून राह्यला ना, पाच-सहा वर्षं पाह्याचं काम नाई म्हणून."

"मले पाच-सहा वर्षं काय कराची हायेत?"

चहा नको म्हणावं इतक्या सहज ती बोलली. शामने उगाच काउंटर पुसायला घेतला. उकंडा पायऱ्या उतरून खाली गेला.

तिने नवं खोकं हातात घेतलं, ठेवलं, जुनं घेतलं, तेही ठेवलं. डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून शिवलेली डाव्या हाताची नस नेहमीसारखी थरथरत होती. तिने डॉक्टरांना एकदा विचारलं होतं, असं किती दिवस चालतं? त्यांनी पंख्याकडे पाहत सांगितलं, कोणाचं किती ते सांगता येत नाही. उकंडाला आपली किडनी द्यायची होती. तपासणीत त्याला साखर निघाली आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्या रात्री तो जेवला नव्हता. भाकरीसमोर बसून राहिला होता, मार खाल्लेल्या पोरासारखा.

"ताई, घाई नाई," शाम म्हणाला.

"हाय ना घाई," ती म्हणाली आणि बाहेर आली.

उकंडा चहाच्या टपरीशी उभा होता. हातातल्या ग्लासातल्या चहावर साय धरली होती.

"चला. जुनं बांधाले सांगते. दवाखान्याची वेळ होऊन राह्यली."

"तुले नसन पाह्यजे," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "मले पाह्यजे."

"काय?"

"सहा वर्षं."

एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला. आपण गेल्यावर हा माणूस पुढच्या खोलीत त्या बंद पडद्यासमोर बसलेला सत्यशीलाला दिसला. कॉम्प्युटर कुठून सुरू करायचा, तेही त्याला माहीत नव्हतं.

"मंग तुमी बसा त्याच्यावर," ती म्हणाली.

"कायच्यावर?"

"कॉम्प्युटरवर. मी शिकवते. शिकसान त नवा घेते, नाई त जुना."

"काहीही बोलतं तू. गाठी उचलणारा माणूस मी. थो माऊस माह्या मुठीत दिसन तरी काय?"

"दिसन. मी दवाखान्यात असली की गिऱ्हाईक परत जाते. ते जाऊ द्याचं नाई."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती फक्त दवाखान्याच्या दिवसांबद्दल बोलत नाही, हे त्याला कळलं असावं. त्याने चहा एका घोटात संपवला आणि ग्लास ठेवला.

"घे मंग," तो म्हणाला.

नवा कॉम्प्युटर आला आणि घरात दोघांची भांडणं सुरू झाली. उकंडा माऊसचं बटन असं दाबायचा, जणू ते पुन्हा वर येऊ नये. फाइल उघडायची तर ती भलतीकडेच सरकायची. 'शुभेच्छा' लिहिताना 'च्छ' जमेना. तो घाम पुसून म्हणायचा, "हे अक्षर कोणं काढलं?" सत्यशीलाला धीर नव्हता. दोनदा सांगून झालं की ती माऊस हिसकावून घ्यायची, काम भराभर करून टाकायची आणि मग स्वतःवरच चिडायची. शेवटी तिने एक युक्ती काढली. त्याला काम सांगायचं आणि आपण अंगणात जाऊन बसायचं. आतून तो हाका मारायचा, "अवं, थे निळं झालं! आता काय करू?" ती तुळशीच्या वाळक्या काड्या मोडत बसायची आणि उत्तर द्यायची नाही. मग हाका कमी झाल्या.

बारशाच्या फ्लेक्सचं काम घेऊन गावातला रामधन आला तो नेमका दवाखान्याच्या दिवशी. नातीचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं आणि फाइल त्याच रात्री छपाईला जायला हवी होती.

"तुमी राहा," सत्यशीलाने पिशवी खांद्याला लावली. "मी जाते."

"एकटी?"

"बस मले ओळखते आता."

"येताना मी स्टँडवर उभा राहीन."

"काम झालं त राहा."

शेजारच्या हंसाबाई तिला गाडीत बसवून आल्या. दवाखान्यात यंत्र सुरू झालं तसा तिने फोन उजव्या हाताशी ठेवला. तो विचारणार, हे नक्की होतं. फोटोच्या कडा कशा मऊ करायच्या, हे तिने नीट शिकवलंच नव्हतं. नाव वळणदार अक्षरात घेतलं तर जोडाक्षर फुटतं, तेही सांगायचं राहिलं होतं. नळीतून रक्त बाहेर जाताना आणि परत येताना तिचं सगळं लक्ष फोनकडे होतं. फोन वाजला नाही. चार्जिंग आहे ना, हे तिने पाहिलं. रेंज आहे ना, तेही पाहिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "कोणाचा फोन येणार हाय?" सत्यशीला म्हणाली, "कोणाचाच नाई."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. अंग पिळून काढल्यासारखं झालं होतं. बोरीच्या स्टँडवर उतरल्यावर तिने सवयीने बाजूला हात पुढे केला. तिथे कोणी नव्हतं. उसाच्या रसवाल्याच्या बाकाजवळही उकंडा नव्हता. ती थोडा वेळ उभी राहिली. मग पदर डोक्यावर घेऊन भिंतींच्या आधाराने, थांबत थांबत निघाली. आजवर हा रस्ता तिने कधी मोजला नव्हता, कारण चालताना तो बोलत असायचा.

घराचं दार उघडं होतं. आतून रामधनचा आवाज आला, "उकंडाभाऊ, पोरीचं नाव अजून मोठं करा ना."

"थांबा, करून राह्यलो," उकंडा म्हणाला. "घाई केली त बिघडते थे."

मग माऊसची टकटक येत राहिली, एकेक, सावकाश.

सत्यशीला ओट्यावर बसली. पायांतल्या चपला काढून तिने बाजूला ठेवल्या. उजवा हात डाव्या हाताच्या पट्टीवर ठेवून ती धाप कमी होण्याची वाट पाहत राहिली. ती कमी झाली, तरी तिने हाक मारली नाही.