श्वास धरून सोयरीक

मोताळ्याहून जळगाव जामोदला मुलगी पाहायला निघालेल्या गाडीत चार माणसं होती आणि चौघंही श्वास घेत होती. सगळा घोटाळा तिथंच झाला.

बाहेर झड लागलेली, काचा बंद. नांदुरा यायच्या आतच समोरची काच आतून अशी धुरकटली, की अश्वजितला रस्ता दिसेना. आधीच दोन सोयरिकी हुकलेल्या. हिचा फोटो मात्र त्याच्या मनात घर करून बसला होता. आणि त्याच मुलीनं, महामायानं, फोनवर बजावलं होतं, "अकराच्या आत या. मग मले दवाखान्यात ड्युटी हाये."

"बाबा, एसी लावतो," तो म्हणाला.

"पावसात?" जानराव म्हणाले. "एसी उन्हाळ्याचा असते बे. इंजिनाले सर्दी झाली तर कोण निस्तरीन?"

मग उकंडरावमामा सरसावले. न विचारता सल्ला देणं ही मामांची जित्याची खोड. त्यांनी चंचीतली तंबाखू काचेला आतून चोळली. ट्रकवाले पावसात चोळतात खरी, पण बाहेरून. मामांना ते सांगणार कोण? काच तपकिरी झाली, सिंधूआत्याला शिंका लागल्या आणि उरलीसुरली काचही गेली.

"हे तोंडाच्या वाफेनं होऊन राह्यलं," मामांनी निदान केलं. "सिंधूबाई, तुमचं तोंड घरापासून चालू हाये. आता गप. अन् श्वास पाळीपाळीनं घ्या, आधी पुढचे, मंग मागचे."

आत्याचं तोंड बंद म्हणजे नळगंगेला बांध. पण भाच्याच्या लग्नासाठी बिचारीनं पदर तोंडात कोंबला. अश्वजितनं रुमालानं काच पुसत पुसत कशीबशी गाडी पोहोचवली.

दाराशी मामा कुजबुजले, "आतही सवय मोडू नका. परत याच गाडीत बसाचं हाये."

झालं! जय भीम तेवढा झाला आणि मंडळी गाल फुगवून बसली. पोहे आले, चहा आला, पाहुण्यांकडून शब्द नाही. मुलीच्या वडिलांनी शेतीचं विचारलं, जानरावांनी मान हलवली. त्यांची श्वासाची पाळी नव्हती. महामाया एकेकाकडे बघत राहिली.

"बरं, कळवतो," तिचे वडील शेवटी म्हणाले. कळवतो म्हणजे नकार, हे शेंबडं पोरही जाणतं. अश्वजित गाडीत जाऊन बसला. बाकीचेही बसले, त्यानं गाडी सुरू केली आणि काच लगेच धुरकटली.

महामाया छत्री घेऊन ड्युटीला निघाली होती. ती खिडकीशी थांबली, तशी अश्वजितनं काच खाली केली. "एसी काऊन नाही लावत?" म्हणत तिनं हात आत घालून बटण दाबलं. बघता बघता काच लख्ख झाली.

तसा आत्याचा बांध फुटला. "अवं माय, काय गोड पोरगी हाये, अन् पोह्यात मीठ कमी होतं, पण मी बोललीच नाही, या मामानं माहा जीवच घेतला, नांदुऱ्यापासून..."

अश्वजितनं डोळे मिटून घेतले. उरलीसुरली आशाही गेली.

महामाया खळखळून हसली. "तुम्हाले बोलता येते! मले वाटलं, असं मुकं घर, मी तं तिथं गुदमरून मरीन." मग तिनं दाराकडे वळून हाक दिली, "बाबा, याहिले जेवल्याबिगर सोडू नका."

सोयरीक जुळल्याशिवाय जेवण घालत नाहीत. अश्वजितला रडूच आलं.

परतीच्या वाटेवर जानरावांनी इंजिनाच्या काळजीनं एसी बंद केला. काच पुन्हा धुरकटली. आत्या बोलत होती, आणि श्वास कोणीच धरला नाही.